आभाराचं माप

३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
मामाचे पोतंभर आशीर्वाद.

आधी एकेकाची हजेरी घेतो. ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना अजून देवाचं नाव घेते, की आता डॉक्टरांचं? जावईबापूंचा खोकला गेला का? गेला असेल तर सिगारेट सुटली म्हणून गेला, की आपणहून गेला, तेही लिही. तुझ्या पिटुकलीचे पुढचे दात आले का? मागच्या फोटोत बाईसाहेब ओठ मिटून बसल्या होत्या, त्यावरून मी काय ते ओळखलं. घरमालकीणबाईंना कानाचं यंत्र बसलं का, की अजून स्वतःची निंदा तेवढी ऐकू येते? सगळ्यांत शेवटी तू. शेवटी अशासाठी, की तू "मी बरी आहे" असं लिहिणार, आणि मी ते मुळीच खरं मानणार नाही.

इकडे तुझी मामी ठणठणीत. मी मात्र कपाळाला पट्टी बांधून लिहितोय. घाबरू नकोस, शिंप्याचं डोकं आहे, आत कापूसच जास्त.

झालं असं. सोमवारी सकाळी बाजारातून अस्तराचा तागा खांद्यावर टाकून निघालो. तागा उभा धरला तर समोरचं दिसतं, आडवा धरला तर ऐट दिसते. मी आडवा धरला. फुटपाथची एक फरशी उचकटलेली होती, तिने ऐट उतरवली. डोकं गेलं थेट दिव्याच्या खांबावर. मग डोळ्यांपुढे काजवे, कुणाचा तरी खांदा, कुणीतरी "पाय उचला, पाय उचला" म्हणतंय, एवढंच आठवतं. भानावर आलो तो आपल्याच दुकानातल्या बाकावर. शेजारी तागा इतका सुरेख घडी घालून ठेवलेला, की मलाही जमणार नाही. तुझी मामी गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिला पत्ताच नाही. आणि समोर कोण उभे? औषधवाले!

तुला ठाऊकच आहे, समोरच्या औषधांच्या दुकानाच्या ह्या मालकांचं आणि माझं गेल्या निवडणुकीपासून बोलणं बंद आहे. ते त्या पक्षाचे, मी ह्या. आमच्या गावात तेव्हापासून असंच चाललंय. माणसं एकमेकांना बघून चपलेचा अंगठा नीट करायला वाकतात. माझं डोकं दुखलं तर मी गोळी पार स्टेशनाजवळून आणणार, आणि ह्यांच्या पॅन्टची चेन तुटली तर हेही तिकडेच जाणार, तेही चेन हाताने धरून. असा माणूस माझ्या कपाळाला पट्टी लावत उभा! मी पट्टी चाचपून बघतोय, तोवर ते निघूनही गेले.

मग मला तुझं मागचं पत्र आठवलं. तुमच्या संस्थेत कुणी शिबिरवाल्या बाई आल्या, म्हणाल्या, रोज एकाचे तरी मनापासून आभार माना, आणि तू तडकून उठून बाहेर गेलीस. तू बाहेर गेलीस ते ठीक, पण मी आत जाऊन बसलो बघ. म्हटलं, करून तर पाहू. औषधवाल्यांना एक झकास शर्ट शिवतोय. माप घ्यायचं कारण नाही, समोर बसून बसून नजरेला पाठ झालंय. शनिवारी वाचनालयात सभा आहे, तिथे सगळ्यांदेखत देणार. दोन तटांतला निदान एक टाका तरी जुळेल.

मामी म्हणते, जास्त बोलू नका. मी कधी बोलतो?

तुझा,
मामा

●

११ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

हजेरी देते. आईचा गुडघा तसाच, पण आता ती देव आणि डॉक्टर दोघांनाही एकाच दमात नावं ठेवते. यांचा खोकला गेला. सिगारेट घरातून गेली, ऑफिसातली मला माहीत नाही. पिटुकलीचा एक दात आलाय आणि तो दाखवायला ती आता विनाकारण हसते. घरमालकीणबाईंनी यंत्र घेतलं आणि कपाटात ठेवलं, "चांगलं आहे, खराब होईल" म्हणून. आणि मी बरी आहे. मानू नका.

मामा, तुम्ही पडलात हे वाचून काळजी वाटली, आणि चेनचं वाचून हसू आलं. दोन्ही एकाच ओळीत करायला लावता. तागा उभा धरत जा.

पण आभाराचं तुम्ही जे मनावर घेतलंय ना, त्याबद्दल भांडल्याशिवाय राहवत नाही. त्या शिबिरात माझ्या शेजारी कोण बसलं होतं माहितीय? रस्ते झाडणाऱ्या बायका. हातमोजे मिळावेत म्हणून त्या कधीपासून भांडताहेत. आणि ह्या बाई त्यांना सांगतात, डोळे मिटा, जे मिळालंय ते आठवा, मन शांत होईल. अहो, मन शांत व्हावं असं कुणाला हवंय? हातमोजे न देणाऱ्यांनाच! एका मावशींनी डोळे मिटले आणि त्यांना चक्क झोप लागली. त्यांचा तेवढाच फायदा झाला. मी उठले ते म्हणून. आभार मानायला शिकवणारे कायम खालच्यांना शिकवतात, वरच्यांचं शिबिर कधी पाहिलंत?

खरं सांगू, माझा जीव विटलाय. ज्यांच्यासाठी भांडायचं ते दमलेले, ज्यांच्याशी भांडायचं ते ऐकत नाहीत, आणि मधले लोक विचारतात, "तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

असो. शर्ट छान होईल. फक्त एक शंका आहे. औषधवाल्यांनी तुम्हाला आणलं असं ते स्वतः म्हणाले का? कारण मागच्या उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा ते कमरेला रुंद पट्टा लावून बसायचे आणि खोकीसुद्धा गिऱ्हाइकांकडून उचलून घ्यायचे. तुमचं वजन मला माहितीय.

मामीला सांगा, ती जिंकली, तुम्ही बोलताच.

तुमची,
ठिणगी

●

२४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा वेळ निघून गेली होती. थोडं आधी पोचलं असतं तर तुझ्या मामाची शोभा टळली असती.

शनिवारी वाचनालयात मी उभा राहिलो. चांगलं भाषण झालं. म्हटलं, "मत वेगळं असलं म्हणून माणूस वेगळा होत नाही." शर्ट दिला, म्हटलं, इथेच घाला. घातला. काय बसला म्हणून सांगू! टाळ्यांवर टाळ्या. कधी न बोलणारेही एकमेकांकडे बघून हसले. औषधवाले कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, गहिवरले.

मग ते बोलायला उभे राहिले, ते बसवर. आपल्या गावाला येणारी सकाळची बस आधी पुलापलीकडच्या वस्तीत थांबते, गच्च भरते, मग आपल्याकडे येते. तो पलीकडचा थांबा काढून टाकावा, तिकडच्यांनी पूल ओलांडून इकडे यावं, असा अर्ज ते पालिकेला देणार होते. कागद हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. ज्याने मला रस्त्यावरून उचलून घरी आणलं त्याला नाही कसं म्हणू? आभाराच्या भरात ठोकली सही. खाली एक वेलबुट्टीही काढली.

आता पुढचं ऐक. मंगळवारी तुझी मामी डोळे दाखवायला हॉस्पिटलात गेली. बाकावर बसल्या बसल्या शेजारणीला माझी सगळी कथा सांगत होती, आवाज तुला ठाऊक आहेच. समोरून एक बाई धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत चालल्या होत्या. थबकल्या.

"काकू, तागा निळ्या अस्तराचा होता का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मग तुमच्या यजमानांना सांगा, मळला नव्हता. सारखं तेवढंच विचारत होते. मी म्हटलं काका, आधी पाय उचला."

कळलं ना? त्या बाईंनी मला खांद्याचा आधार देत दुकानापर्यंत आणलं, तागाही आणला, घडी घालून ठेवला. हॉस्पिटलात दिवसभर चादरींच्या घड्या घालतात, म्हणून ती तशी सुरेख! समोरून औषधवाले पट्टी घेऊन येताना दिसले, तेव्हा त्या पळाल्या, कारण बाजारातून हॉस्पिटलला जाणारी त्यांची पुढची बस सुटायची होती. सुटलीच. कामावर उशीर झाला, वरिष्ठ बाईंनी शेरा मारला, पुन्हा उशीर झाला तर यायचं नाही. आणि राहतात कुठे? पुलापलीकडे. रोज कुठल्या थांब्यावर चढतात? विचारू नकोस.

मामी घरी आली ती कंबरेवर हात ठेवूनच. "अहो, आभार मानायची एवढी हौस आली होती, तर कुणाचे मानायचे ते तरी विचारायचं! तिने तुम्हाला उचललं आणि तुम्ही तिचाच थांबा उचलायला निघालात!"

मी लगेच मापाची टेप खिशात टाकली आणि निघालो. किती वर्षांनी तो पूल ओलांडला असेन! पायी गेलो, तर धाप लागली. दुसऱ्या टोकाला थांबा आहे, म्हणजे एक लोखंडी खांब आणि त्याला लटकवलेली पाटी. छप्पर नाही, बाक नाही. खाली पालिकेची नोटीस डकवलेली. सुनावणी आहे म्हणून.

बाईंचं घर सापडलं. एक खोली, पण दोरीवरचे कपडे असे सरळ, की शिंप्याला बघत राहावंसं वाटावं. मी हात जोडले, म्हटलं, "तुम्हाला एक कोट शिवून देतो, उबदार, अस्तराचा." टेप काढली.

"कोटाचं काय करू काका? थांबा गेला की पूल चालत यायचा. इतकं चालून मला बाजारातली बस कधीच मिळायची नाही. मग नोकरी नाही. कोट घालून घरात बसू?"

मी टेप पुन्हा गुंडाळली.

"आभारच मानायचे असतील ना, तर तो थांबा राहील असं बघा. तुमच्याकडच्या लोकांनी सह्या दिल्यात म्हणे."

मग मी सांगितलं, ठिणगे. "त्यात एक माझी आहे."

बाईंनी माझ्या पट्टीकडे पाहिलं. म्हणाल्या, "त्या दिवशी डोक्याला लागलं होतं. सही करताना काय लागलं होतं?"

आणि हसत हसत चहा टाकला. मी तो खाली मान घालून प्यायलो.

परत येताना एकच डोक्यात. नजरेने बेतलेला कपडा शिंप्याला आवडतो, घालणाऱ्याला बसेलच असं नाही. मी आभारही तसेच बेतले, माझ्या हौसेने. आता माप घेतलंय. सांग, पुढे काय करू? तुझं ते रोजचं काम आहे.

तुझा,
मामा

●

३ मार्च

ती. मामा,
नमस्कार.

पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "सही करताना काय लागलं होतं" ह्या वाक्याला आई इतकी हसली, की गुडघा विसरून उठून उभी राहिली. त्या बाईंना आईचा नमस्कार सांगा. माझाही.

आता नीट ऐका. आधी स्वतःची सही मागे घ्या, लेखी, पालिकेत जाऊन. नुसतं रस्त्यात कुणाला सांगू नका. दुसरं, हॉस्पिटलातला शेरा. बाई तुमच्यामुळे उशिरा पोचल्या हे तुम्ही दोघांनी जाऊन सांगायला हवं. त्यांनी स्वतः सांगितलं तर ती सबब ठरते. तिसरं, सुनावणीत जे लोक तो थांबा वापरतात त्यांना बोलू द्यावं लागतं, ते मागून घ्या. नाहीतर सुनावणी अशा वेळेला ठेवतात की तिकडचे सगळे कामावर.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. त्या बाईंना विचारल्याशिवाय त्यांची गोष्ट गावभर करू नका. तुमचं मन मोठं आहे, पण तोंडही आहे. त्यांना व्यासपीठावर उभं करून हार घालायचा विचार तुमच्या मनात येऊन गेलाय, मला इथून दिसतंय. नको.

औषधवाल्यांना झोडपू नका. टाळ्या पडत असताना "मी नव्हे" म्हणणं सोपं नसतं. पण बोलतं करा.

एक कबूल करते. तुमचा हा प्रकार शिबिरातल्यापेक्षा वेगळा निघाला. तिथे डोळे मिटायला सांगत होते. तुम्ही पूल ओलांडलात.

लगेच उत्तर टाका. हल्ली मी दिवसाही घरीच असते, पत्र हातात पडतं.

तुमची,
ठिणगी

●

१७ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

तू दिवसा घरी असतेस असं लिहिलंस. ताप तर नाही ना? सुट्टी टाकलीस का? गरम पाणी पी. मामी म्हणते, तिला ताप नाही, दुसरं काहीतरी आहे. तुझ्या मामीला कपड्याची उलटी बाजू आधी दिसते. खरं काय ते लिही.

आता हिशेब देतो. सही मागे घेतली. पालिकेतल्या कारकुनाने विचारलं, "आजोबा, कारण काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, तेव्हा मला माहीत नव्हतं." तो म्हणाला, "हे कारण चाललं तर अर्धी पालिका मोकळी होईल."

हॉस्पिटलात मी आणि मामी गेलो. त्या वरिष्ठ बाई कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. मामीने माझं डोकं धरून त्यांच्यापुढे वाकवलं, "हा घ्या पुरावा. खूण अजून आहे. हात लावून बघा." त्यांनी खरंच बोट लावून पाहिलं! मग हसल्या आणि शेरा खोडला. म्हणजे तेवढा काटा निघाला. पण थांबा गेला तर नवे शेरे रोजच लागणार, हे त्या स्वतःच म्हणाल्या. त्यांच्या खात्यातल्या कितीतरी जणी त्याच बसने येतात.

मग आपल्या गल्लीत दारोदार फिरलो. बाईंची गोष्ट कुणाला सांगितली नाही, तुझी शपथ. थांब्याचं नावही काढलं नाही. एवढंच विचारायचो, "तुमच्या घरी, तुमच्या कामाला, पुलापलीकडून कोण येतं?" लोक आधी म्हणायचे, कुणी नाही. मग जरा थांबायचे. वाचनालयाच्या बाईंच्या आईला अंघोळ घालायला येणारी मुलगी. पाववाल्याच्या भट्टीवरचा माणूस. शाळेच्या गाडीवरची बाई. मग मी विचारायचो, "तिचे आभार मानायचे झाले तर तिला काय हवं असेल?" इथे गंमत यायची. एकजण म्हणाला, "आम्ही जुने कपडे देतो की." मी म्हटलं, "मी शिंपी आहे, जुना कपडा म्हणजे काय ते मला नका सांगू. तिला विचारलंत का?" त्याने दार लावलं. दुसऱ्या एका घरी मला त्या पक्षाचा हेर ठरवलं, शेजारच्या घरी ह्या पक्षाचा. म्हणजे काम सरळ चाललंय. पण काही जणांनी खरोखर विचारलं. आणि ज्यांनी विचारलं, त्यांना बहुतेक एकच उत्तर मिळालं. थांबा.

शेवटी औषधवाले. दुकानात शिरलो तर ते बाटल्या पुसत होते, स्वच्छ बाटल्या. मीच सुरुवात केली.

"शर्ट कुठे काचत तर नाही ना?"

त्यांनी फडकं ठेवलं. "सांगणार होतो हो. पण टाळ्या सुरू झाल्या."

"टाळ्या थांबल्या की नंतर?"

"नंतर शर्ट फार छान बसला होता." मग हळूच म्हणाले, "पट्टी मात्र मीच लावली."

"मान्य. मग कॉलर तुमची. बाकी शर्ट त्या बाईंचा."

हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांसमोर हसलो, आणि दोघांनाही कसंतरीच झालं. मी म्हटलं, "अर्ज मागे घ्या." लगेच चेहरा बंद झाला, दुकानाच्या फळीसारखा. "माझे लोक काय म्हणतील? पुढाकार माझा. सकाळी आपली म्हातारी माणसं त्या गर्दीत उभी राहतात, हेही खोटं नाही."

हे खरंच खोटं नाही, ठिणगे. ह्याचं उत्तर तूच सुचव. मी म्हटलं, "सुनावणीला या." ते म्हणाले, "येणारच. अर्ज माझा आहे."

सुनावणी महिनाअखेरीस. वेळ संध्याकाळची मागून घेतली, कामावरून लोक परततात तेव्हाची. बाई येणार आहेत. काय होईल ते देव जाणे.

तुझा,
मामा

●

२२ मार्च

ती. मामा,

मामी पुन्हा जिंकली. ताप नाही. मी राजीनामा दिलाय. त्या शिबिरानंतर लगेच. तुम्हाला "जीव विटलाय" असं लिहिलं तेव्हा आधीच देऊन बसले होते. आईलाही परवाच सांगितलं. एका मोठ्या कंपनीत बोलावलंय, पंधरा एप्रिलपासून. काचेची इमारत, खुर्ची फिरते.

तुम्हाला सांगायची लाज वाटली, कारण तुम्ही लिहिता, "तुझं ते रोजचं काम आहे." आता नाही. तरी तुमचं पत्र आलं की मी कागद घेऊन बसते आणि पुढचं काय करायचं ते लिहीत सुटते, आणि त्या रात्री मला छान झोप लागते. ह्याचा अर्थ मला विचारू नका.

औषधवाल्यांच्या म्हाताऱ्या माणसांचं उत्तर सोपं आहे. थांबा काढून गर्दी कमी होत नाही, तीच माणसं तुमच्या थांब्यावर येऊन चढतील, फक्त दमून. गर्दीला उपाय आणखी एक बस. ते दोघांनी मिळून मागायला हवं. हे त्यांना तुम्ही सांगू नका. त्यांनाच सुचलं असं होऊ द्या.

सुनावणीचं सगळं लिहा. कोण काय बोललं, कसं बोललं, कोण खोकलं, सगळं.

ठिणगी

●

२ एप्रिल

चि. ठिणगीस,
पोतंभर आशीर्वाद, वर एक ओंजळ मामीची.

राजीनाम्याचं वाचलं. मी रागावलो नाही. दमलेल्या माणसाने बसावं. खुर्ची फिरती असेल तर आणखी चांगलं. नोकरी मनात असेल तर कर, नसेल तर नको करू, तुला तोलून बघायला मी कोण? लपवलंस एवढंच खुपलं. पुन्हा लपवू नकोस.

आता सुनावणी. सभागृहात डावीकडे आपल्याकडचे, उजवीकडे पुलापलीकडचे, कुणी न सांगताच तसे बसले. मधली वाट मोकळी. अध्यक्षबाईंनी विचारलं, कोण बोलणार? मी उठलो. भाषण पाठ केलं होतं. म्हटलं, ही माणसं रोज आपल्यासाठी पूल ओलांडून येतात, आपल्या आईवडिलांना सांभाळतात, आपला पाव भाजतात, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत, त्याची जाण म्हणून तरी हा थांबा राहिला पाहिजे. आपल्याकडचे बरेच जण माना डोलवत होते. वाचनालयाच्या बाईंनी तर डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात घडीवाल्या बाई उठल्या. हो, आता आम्ही त्यांना तसंच म्हणतो, त्यांना चालतं, विचारलंय.

म्हणाल्या, "काका, बसा. छान बोललात, पण जरा चुकलात."

सगळे हसले. मी बसलो.

"आम्ही तुमच्यासाठी येत नाही. आमच्या कामासाठी येतो, पगारासाठी येतो. त्या दिवशी काकांना उचललं ते माणूस पडलं म्हणून. तिथे दुसरा कुणी असता तरी उचललं असतं. त्याचं बक्षीस म्हणून थांबा नको. बक्षीस दिलेलं उद्या परतही घेता येतं. मी तिकीट काढते, तसंच तुम्हीही काढता. बस सगळ्यांची आहे. थांबा आमचा आहे म्हणून राहू द्या."

बाई बसल्या. माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. बाई बरोबर बोलत होत्या, ठिणगे. तू पहिल्यापासून जे भांडत होतीस, तेच. पण मी बसल्या जागी विचार केला, मी आभार मानायला गेलोच नसतो, तर हे ऐकायला तरी इथे असतो का? आपल्या ओळीतले एवढे लोक असते का? आभाराने आम्हाला दारापर्यंत आणलं. आत काय बोलायचं ते मात्र बाईंनीच शिकवलं.

मग औषधवाले उठले. मी पुढे सरकून बसलो. म्हणाले, "अर्ज माझा आहे. सह्या घेतल्या त्या दिवशी मी लोकांसमोर जे आभार स्वीकारले, ते माझे नव्हते. ते ह्या बाईंचे. पट्टी मात्र मी लावली." (हे त्यांना सोडवतच नाही.) "अर्ज मी मागे घेतो. पण गर्दीचं खरं आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं उभी असतात." इथे ते अडकले. उजवीकडून एक आजी ओरडल्या, "इकडचीही असतात हो!" औषधवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग… सकाळी दोन बस का नको?"

त्यांनाच सुचलं! मी मामीचा हात इतका जोरात दाबला की ती "आई गं" म्हणाली, आणि ते नेमकं नोंदवहीत गेलं असणार.

औषधवाल्यांच्या ओळीतला एक माणूस तावातावाने उठून निघून गेला, दार आपटून. त्यांचे दोन मित्र आता त्यांच्याशी बोलत नाहीत. तेव्हा सगळं गोडगोड झालं असं समजू नकोस. मागून सकाळच्या बसचा ड्रायव्हर मात्र उठला, गणवेशातच आला होता. म्हणाला, "तुम्ही काही ठरवा. माणसं उभी दिसली की माझा पाय ब्रेकवर जातोच." अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे नोंदवू नका." आणि मग म्हणाल्या, "थांबा राहील."

राहिला, ठिणगे! बाई काल कामावर वेळेत पोचल्या, परवाही, आज सकाळीही. दुसऱ्या बसचं पालिका "विचाराधीन" म्हणते, म्हणजे तुला कळलंच.

सभा संपल्यावर मधल्या मोकळ्या वाटेत इतकी गर्दी झाली, की कोण कुठल्या बाजूचा कळेना. औषधवाले त्या ओरडणाऱ्या आजींना सांधेदुखीचं मलम समजावत होते. मामी पाववाल्याच्या माणसाला कणिक मळण्यावरून उपदेश करत होती, म्हणजे जो आयुष्यभर तेच करतो त्याला. त्याने सगळं ऐकून घेतलं, भला माणूस.

घडीवाल्या बाई माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "आता तरी कोटाचं माप देता का?"

"कोट नंतर बघू. आधी दुसऱ्या बसचं. तिकडचे आणि इकडचे मिळून अर्ज करायचाय. पण तो लिहायचा कसा, कुणाला द्यायचा, 'विचाराधीन' म्हटलं की पुढे काय करायचं, हे आमच्यात कुणालाच धड येत नाही. काका, संध्याकाळची वेळ मागून घ्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ते तुमचं डोकं नाही."

मी म्हटलं, "नाही. ते माझ्या भाचीचं."

"मग तिचा पत्ता द्या."

ठिणगे, पेन माझ्या खिशात होतं. कागद बाईंच्या हातात होता. मी दिला नाही. म्हटलं, ती दमलीय, तिला विचारल्याशिवाय देणार नाही. बाई म्हणाल्या, "मग विचारा. पण लवकर. आम्ही थांबलोय."

तर विचारतोय. ताईचा गुडघा, पिटुकलीचा दुसरा दात, सगळं नंतर लिही. आधी हो की नाही, एवढंच एका ओळीत लिही, आणि आजच टपालात टाक.

तुझा,
मामा